नव्वद सेकंदांचा पेपर

लातूरच्या ट्यूशन एरियात शिवकन्या निडवंचे मॅडम येताना दिसल्या की पोरं आधी मोबाइल खिशात घालायची आणि मग नमस्कार करायची. अठरा वर्षं तिने प्राणिशास्त्र शिकवलं. एवढ्या वर्षांत तिचं म्हणणं बदललं नाही. पेपर सोडवायचा नसतो, ओळखायचा असतो. दहा वर्षांचे प्रश्न घ्या, सोडवा, पुन्हा सोडवा, मग घड्याळ लावून सोडवा. हाताला इतकी सवय करा की परीक्षेच्या दिवशी डोक्याला काम उरू नये. बाहेरगावची शहाणी माणसं या पद्धतीला नाकं मुरडतात आणि पोरगं अकरावीत गेलं की त्याला घेऊन लातूरलाच येतात.

ती स्वतःही याच पद्धतीत घडली होती. गाव जळकोट, ते तेव्हा तालुक्याचं ठिकाणही झालं नव्हतं. वडील गुंडप्पा यांचं कापडाचं छोटं दुकान. दहावीत पोरीने केंद्रात पहिला नंबर काढला तेव्हा अप्पांनी दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाईकाला गुणपत्रिका दाखवली, आणि गिऱ्हाईकांनीही कापड न घेता ती बघून घेतली. पुढे लातूरला शिक्षण, मग नोकरी, मग उदगीरच्या उमाशंकरशी लग्न. उमाशंकरचं झेरॉक्सचं दुकान तिच्या क्लासपासून दोन गल्ल्यांवर होतं. तो स्वतः बारावीत दोनदा आपटलेला. त्यामुळे बायकोच्या हुशारीबद्दल त्याला इतका आदर होता की घरातसुद्धा तो तिला मॅडमच म्हणायचा. आधी चेष्टेने, नंतर सवयीने.

बेचाळिसाव्या वर्षी तिच्या डाव्या डोळ्यापुढे धुकं आलं आणि महिन्याभराने गेलं. पुढच्या वर्षी उजवा पाय आपला नसल्यासारखा झाला. चष्मा बदलून झाला, मणक्याच्या गोळ्या झाल्या, एका नातेवाइकाने सांगितलेलं तेलही चोळून झालं. शेवटी नांदेडला डॉ. धम्मप्रिया गच्चे यांच्याकडे एमआरआय झाला आणि नाव कळलं: मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराची पहारा देणारी यंत्रणाच उलटून मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडू लागते. डॉक्टर चित्र काढून समजावू लागल्या, तेव्हा शिवकन्याने त्यांच्या हातातलं पेन घेऊन चित्र पूर्ण केलं आणि खाली नावंही लिहिली. मायलिनच्या आवरणावर ती दरवर्षी दोन तास शिकवायची. चार मार्कांचा हा हमखास प्रश्न आता आपल्याच अंगात निघाला, असं ती घरी येऊन म्हणाली. उमाशंकरला हसावं की रडावं ते कळेना.

औषध सुरू झालं. डोळा बरा राहिला, पायही काठीशिवाय चालू लागला. दोन वर्षं अशी बरी गेली. मग डॉक्टरांनी तिला एका अभ्यासात घेतलं. धम्मप्रिया गच्चे मूळच्या किनवटकडच्या, आश्रमशाळेत शिकलेल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी सरळ सांगितलं, "मॅडम, या आजारात काहींचं डोकं वर्षानुवर्षं तसंच राहतं, काहींचं हळूहळू मंदावतं. कुणाचं मंदावणार हे आधी कळलं तर औषध वेळेत बदलता येईल. ते रक्तावरून कळतं का, एवढंच बघायचंय."

मज्जातंतूची तार झिजली की तिच्यातलं एक प्रथिन सुटतं आणि त्यातलं थोडंसं रक्तात उतरतं. ते मोजायला रक्ताची नळी हैदराबादच्या प्रयोगशाळेत जायची. वर्षातून एकदा एमआरआयमध्ये मेंदूचं आकारमान मोजायचं. आणि दर सहा महिन्यांनी एक पेपर. चाळीस पेशंटांच्या या तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघायच्या होत्या.

पेपर हा शब्द ऐकल्यावर शिवकन्या खुर्चीत सरळ बसली.

पेपर अगदी साधा होता. कागदाच्या वर नऊ चिन्हं. एक उघडा डबा, एक उलटा कोयता, एक टिंब असलेली रेघ, अशी. प्रत्येकाखाली एक ते नऊमधला एक आकडा. त्याच्याखाली नुसत्या चिन्हांच्या ओळीच ओळी. वर बघायचं, खाली यायचं, आकडा बोलायचा. नव्वद सेकंदांत जितके होतील तितके. पाठ करायचं काहीच नाही, सगळं समोरच. यात नजर आणि डोकं किती वेगाने चालतं तेवढंच मोजलं जातं.

पहिल्या वेळी तिचे एकोणचाळीस झाले.

"कितीपैकी?" तिने विचारलं.

"याला पैकी नसतं, मॅडम. तुमचे आत्ताचे एकोणचाळीस. पुढं हेच आपण आपल्याशीच ताडून बघणार."

पैकी नसलेले मार्क ही गोष्ट शिवकन्याला पटणारी नव्हती. नांदेडहून बस निघाली, लोह्याच्या अलीकडे तिने पर्समधून जुनी पावती काढली आणि तिच्या पाठीवर नऊच्या नऊ चिन्हं काढली. खाली आकडेही घातले. एकही चुकला नाही. आजाराने तिचा वेग खाल्ला होता, पाठांतराला अजून हात लावला नव्हता.

पुढचं लातूरच्या माणसाला सांगायला नको. तिने उमाशंकरला सांगितलं की डॉक्टरांनी एक व्यायाम दिलाय. उमाशंकरने दुकानात ती चिन्हं संगणकावर चढवली, उलटीपालटी करून पन्नास वेगवेगळे कागद काढले, आणि रोज सकाळी चहा उकळेपर्यंत एक पेपर असा नेम सुरू झाला. तो मोबाइलवर नव्वद सेकंद लावायचा. ती बोलायची. वरची ओळ त्यालाही पाठ झाली होती, त्यामुळे तपासायचाही तोच. निकाल वहीत लिहायचा, तारखेसकट.

"मॅडम, आज एकावन्न! लई भारी! डोकं सुधरून राहिलं की तुमचं."

"चहा उतू चालला," ती म्हणायची.

सहा महिन्यांनी नांदेडला अठ्ठेचाळीस झाले. त्यानंतर सत्तावन्न. वर बघायची तिला गरजच नव्हती. उघडा डबा म्हणजे सात, उलटा कोयता म्हणजे दोन. हे तिला आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. याला ती कॉपी समजत नव्हती. कॉपी करणारी पोरं तिने वर्गाबाहेर काढली होती. हा अभ्यास होता, आणि अभ्यासाने मार्क वाढतात यात चुकीचं काय, असं ती स्वतःला समजावायची. समजावावं लागत होतं, एवढंच.

कारण वर्गात वेगळंच चाललं होतं. फळ्यावर लिहिता लिहिता कुणी प्रश्न विचारला की तिचा हात थांबायचा. उत्तर यायचं, बरोबरही यायचं, पण पोरं तोवर एकमेकांकडे बघून घ्यायची. एकदा हृदयाच्या झडपा शिकवताना मागून शंका आली. ती वाक्याच्या मध्येच थांबली आणि पुन्हा सुरू करायला तिला वाक्याचं टोकच सापडेना. पूर्वी दोन तासांत होणारा धडा आता तीन तास घ्यायचा. दीडशे पोरांच्या बॅचमध्ये अशी गोष्ट लपत नाही. आई-बापांचे फोन गेले, आणि क्लासचे मालक किशनराव तिला आपल्या खोलीत बोलावून म्हणाले, "मॅडम, तुम्हाला हात लावायची माझी इच्छा न्हाई. तुम्ही होता म्हणून हा क्लास मोठा झाला. पण पालक लोक ऐकत न्हाईत. तुमच्या डॉक्टरचं एक पत्र आणा. डोक्यानं ठणठणीत हायत, असं लिहिलेलं. मग मी बघतो कोण बोलतंय ते."

पत्र आणणं अवघड नव्हतं. सत्तावन्न मार्क होतेच. पत्र हवंय असं तिने डॉक्टरांना फोनवर सांगून ठेवलं आणि महिनाभर सकाळी एकाऐवजी तीन पेपर सोडवले.

फेब्रुवारीत चौथी तपासणी होती. उमाशंकर दुकान बंद ठेवून बरोबर आला. बाहेरच्या बाकावर नायगावची एक तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी आईबरोबर बसली होती. तीही याच अभ्यासातली. ती मोबाइलवर काहीतरी वाचायची, थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायची. शिवकन्याने तिच्याकडे बघितलं आणि मग समोरच्या भिंतीकडे बघत बसली.

पेपर झाला. सहासष्ट.

डॉक्टरांनी आकडा लिहिला, मग संगणकावर तिची फाईल उघडली आणि रक्ताचे आकडे पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितले.

"एक गोष्ट मला कळंना झालीय," त्या शेवटी म्हणाल्या. "तुमच्या रक्तातलं ते प्रथिन प्रत्येक वेळी वाढलंय. एका आकड्यावर मी जात नाही, पण सलग वाढतंय. एमआरआयमध्येही आकार थोडा कमी झालाय. यावरून मी औषध बदलायचं म्हटलं असतं, जड औषधाकडं गेले असते. पण तुमचा हा पेपर बघितला की हात थांबतो. माणूस वर्षाला अठरा मार्कांनी हुशार होत असेल तर त्याला जड औषध कशाला द्यायचं? त्याचे त्रास कमी नसतात."

"मग आहे तेच चालू ठेवायचं?" शिवकन्याने विचारलं.

"सध्या तरी. आणि तुमचं ते पत्र." डॉक्टरांनी टेबलावरचा छापील कागद पुढे सरकवला. खाली सही तेवढी बाकी होती. "लिहून ठेवलंय मी. सहासष्ट मार्क असलेल्या बाईला शिकवू नका म्हणायला मी कोण?"

शिवकन्याने कागद हातात घेतला. इंग्रजीत चार ओळी होत्या आणि चारही चांगल्या होत्या.

"पण मला एक सांगा," डॉक्टर खुर्चीवर मागे टेकून म्हणाल्या, "तुम्ही घरी करता तरी काय? बाहेर ती नायगावची पोरगी बघितली ना? तिचंही रक्त तुमच्यासारखंच सांगतंय. तिच्या आईला मी काय सांगू? तुमच्याकडनं काही शिकता आलं तर बरं."

मागच्या खुर्चीवर बसलेल्या उमाशंकरला हा प्रश्न आपल्यासाठीच असल्यासारखं वाटलं. "सराव, डॉक्टरबाई!" तो म्हणाला. "रोज सकाळी. एक दिवस खाडा न्हाई. म्या स्वतः घड्याळ लावून बसतो. दोन वह्या भरल्या. आमच्या मॅडमचं डोकं दिसामाशी सुधरून राहिलं, म्या डोळ्यांनी बघितलं."

"कोडी वगैरे सोडवता का?" डॉक्टरांनी कौतुकाने विचारलं.

इथेच घोडं पेंड खात होतं. शिवकन्याने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पत्र हातात होतं, किशनराव वाट बघत होते, जूनची बॅच तिची होती. आणि बाहेरच्या पोरीला उद्यापासून तिच्या आईने कोडी आणून दिली असती. ती पोरगी इमानाने कोडी सोडवत बसली असती आणि तिची तार झिजत राहिली असती. शिवकन्याला त्या पोरीची दया आली, आणि त्याच क्षणी स्वतःचीही आली. कारण झिजत तर तिचीही होती. तिने दीड वर्षात तेवढं एकच सगळ्यांपासून लपवलं होतं.

"कोडी नाही," ती म्हणाली. "हीच."

डॉक्टरांना कळलं नाही. तिने टेबलावरचं पेन उचललं, पत्र उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नऊ चिन्हं काढली. खाली नऊ आकडे. मग कागद फिरवून डॉक्टरांपुढे ठेवला.

"पहिल्या दिवशीच पाठ झालं होतं. तुमचा पेपर दर वेळी तोच यायचा. मी वर बघतच नव्हते, मॅडम."

डॉक्टरांनी कागद बघितला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि तोंडावरून हात फिरवला. त्या रागावल्या असत्या तर शिवकन्याला सोपं गेलं असतं. "चूक माझी पण आहे," त्या म्हणाल्या. "पेपर बदलून द्यायला पाहिजे होता. लातूरची पेशंट आहे हे तरी लक्षात ठेवायला पाहिजे होतं." त्यांनी कपाटातून दुसरा कागद काढला. "चिन्हं तीच आहेत. खालचे आकडे वेगळे आहेत. आता वर बघून सांगा. घाई करू नका."

शिवकन्याने कागद समोर घेतला. उघड्या डब्याखाली तीन होते. तिने ते बघितलं, नीट बघितलं. घड्याळ सुरू झालं आणि उघडा डबा आला, आणि तोंडातून निघालं सात. तिने स्वतःला थांबवलं, वर नजर नेली, खाली आणली, तोवर पुढच्या चिन्हाचा जुना आकडा निघून गेलेला. कोयता दोन. रेघ नऊ. सगळं धडाधड येत होतं आणि सगळं चुकीचं होतं. हाताला लावायची जी सवय तिने आयुष्यभर शिकवली होती तीच ही, पण आता तिला ती मोडता येईना. तिने कागदावर बोट ठेवून एकेक चिन्ह वाचायला सुरुवात केली. नव्वद सेकंदांत तिचे बावीस बरोबर आले.

ती मागे वळली. उमाशंकरचे ओठ अजून हलत होते.

"बरोबरच होते की सगळे," तो हळूच म्हणाला. "सुरुवातीचे... आपल्या वहीपरमाणं." मग त्याच्याच लक्षात आलं की तो काय बोलला. तो उठला, खुर्ची नीट लावली आणि बाहेर जाऊन उभा राहिला. शिवकन्याला तेव्हा कळलं की तिने ते पेपर अभ्यास म्हणून सोडवले, पण तो दीड वर्ष रोज सकाळी तिला औषध देत होता. तो खरोखर मानत होता की ती बरी होतेय. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि या गोष्टीचं तिला बावीसपेक्षा जास्त वाईट वाटलं.

डॉक्टरांनी ते बावीस धरले नाहीत. जुने आकडे मध्ये लुडबुडत होते, तो खरा निकाल नव्हता. त्यांनी औषध मात्र त्याच दिवशी बदलायचं ठरवलं आणि दोन महिन्यांनी पूर्ण वेगळ्या चिन्हांचा पेपर द्यायला बोलावलं. तोवर कसलाही सराव करायचा नाही, अशी ताकीद दिली. पत्र तोपर्यंत मिळणार नव्हतं.

किशनरावांना तिने जे होतं ते सांगितलं. त्यांनी दोन मिनिटं कपाळ चोळलं आणि मोठी बॅच दुसऱ्याला दिली. ज्यांना शंका आहेत अशा पोरांना एकेकट्याला बसवून शिकवायचं काम तिच्याकडे ठेवलं. पत्रावर पुढचं ठरवू, म्हणाले. तिने ठीक आहे म्हटलं, घरी आली, आणि त्या दिवशी जेवली नाही.

एप्रिलमध्ये दोघं पुन्हा नांदेडच्या बसमध्ये बसले. उमाशंकर अस्वस्थ होता. परीक्षेला निघालेलं माणूस तीन तास नुसतं खिडकीबाहेर बघत बसतं, हे त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

"काहीतरी चाळून घ्या की," तो अहमदपूरला म्हणाला.

"काय चाळू? काय येणार तेच ठाऊक न्हाई."

"भ्या वाटून राहिलं का?"

"हाव," ती म्हणाली. "लई."

पेपर देताना तिने त्याला बाहेर बसवलं. नवी चिन्हं, नवे आकडे. वर बघितलं, खाली आली, बोलली. तोंडात कुठलाच आकडा आधीपासून येऊन बसला नव्हता. तिला स्वतःच्या नजरेची चाल पहिल्यांदा स्पष्ट जाणवली. ती जड होती, पण तिचीच होती. घड्याळ वाजलं तेव्हा तिसरी ओळही संपली नव्हती.

"चौतीस," डॉक्टर म्हणाल्या. "पहिल्या वेळी एकोणचाळीस होते."

"म्हणजे पाच गेले."

"पेपर वेगळा आहे, एक-दोन इकडं-तिकडं धरा. पण हो, गेले. आता रक्त, एमआरआय आणि पेपर, तिन्ही एकच सांगतात. त्या नायगावच्या पोरीचंही औषध बदललं मागच्या महिन्यात."

"माझं आधी बदलता आलं असतं?"

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. तिच्याशी खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "वर्षभर आधी," त्या म्हणाल्या. "पाचच्या पाच वाचले असते असं नाही. काही वाचले असते."

पत्रात डॉक्टरांनी चौतीस लिहिले, मोठ्या वर्गात शिकवणं झेपणार नाही असं लिहिलं, आणि एकेकट्याला शिकवायला काहीच हरकत नाही असंही लिहिलं. शिवकन्याने ते दोनदा वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि बाहेर आली. उमाशंकर बाकावरून उठला.

"किती?"

तिने सांगितलं. डॉक्टर जे बोलल्या तेही सांगितलं, वर्षभराचंही. त्याच्यापासून आता काही राखून ठेवायचं नाही असं तिने बसमध्येच ठरवलं होतं.

त्याने बाकावरची पिशवी उचलली.

"म्हणजे माझ्यामुळं गेलं का ते वरीस?" त्याने विचारलं. "म्या रोज घड्याळ लावत होतो म्हणून?"

"न्हाई," ती म्हणाली. "ते म्या घालवलं. तुम्हाला म्या खोटं सांगितलं, अन् तुम्ही खरं मानलं."

त्याने मान हलवली, पण त्याला ते पटलं नव्हतं आणि कधी पटणारही नव्हतं. तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघं जिन्याकडे निघाले.